साडीवरचा शर्ट

सावेडी, अहिल्यानगर
९ फेब्रुवारी २०२५

ती. एस्तेरताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि तुझ्या लेकीकडे, जेनिफरकडे, निरोप दिला की ती माझ्या बोलण्यात स्वतःच्या पदरची भर घालते. म्हणून पत्रच बरं.

देवळाली प्रवरेला जाऊन आले. तिथल्या अडतीस डाळिंब बागायतदारांच्या गटाला यंदा सल्लागार हवा आहे. मातीच्या प्रयोगशाळेतली अठरा वर्षांची नोकरी मी अशाच कामासाठी सोडली; पण आजवर एकाही गटाने मला घेतलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या सरांनी माझी जागा मार्चअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. हाही गट हातचा गेला तर एक एप्रिलला मी परत त्याच टेबलावर.

जेनिफरने पुण्याहून काळा ब्लेझर पाठवला होता. सल्लागाराने सल्लागारासारखं दिसावं, असं तिचं म्हणणं, आणि आरशासमोर मलाही ते पटलं. गटाचे अध्यक्ष अंगदराव यांनी तो पाहिला आणि लगेच लिंबाखाली खुर्ची मांडायला लावली. त्यांच्या बागेतल्या तीन ओळी पिवळ्या पडून सुकत चालल्या आहेत. मी बागेकडे निघाले, तर म्हणाले, मॅडम, तुमी कशाला आत येता, काट्यानं कोट फाटंल, आमी फोटो दावतो की. आणि ताई, मी बसले! फोटो पाहिले, माती परीक्षणाचा कागद वाचला, लोह कमी पडतंय असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चहा पाजला, आणि अजून एक सल्लागार येणार आहेत, मोठ्या गाडीवाले, हेही सहज कानावर घातलं.

रात्री डायरीत एवढंच लिहू शकले, की ज्या झाडाला हात लावला नाही त्याला मी औषध सांगितलं. कोट फाटेल ही भीती खरी कुणाची होती, त्यांची की माझी?

निघताना बागेत खुरपणाऱ्या बाया दिसल्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, आई घालायची तसा. काट्यांतून बिनधास्त चालत होत्या. मला तसा एक शिवून देशील? एक मार्चला मला आणि त्या मोठ्या गाडीवाल्या सल्लागारांना, दोघांनाही बोलावलंय. त्याच दिवशी हात वर करून निवड होणार आहे.

लोभ आहेच; हे वाचून रागावलीस तरी तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रेबेका

शेवगाव
१४ फेब्रुवारी २०२५

चि. रेबेकास,
अनेक आशीर्वाद व सलाम.

तुझं पत्र वाचलं आन् चालती मशीन थांबवली. आई जन्मभर दुसऱ्याच्या कांद्यात वाकली ती कशासाठी? पोरींच्या अंगावर तसला शर्ट येऊ नये म्हणूनच ना? मी मशीनवर बसले, तू कॉलेजात गेलीस, आन् आता एवढं शिकून तूच तो मागून घेतीस. लई शहानी झालीस. तिथं तुला मॅडम कोन म्हननार? हातात खुरपं देतील आन् म्हनतील, ही तुझी वळ, लाग कामाला.

दोन दिवस मी तुझ्यावर जळत हुते. तिसऱ्या दिवशी इचार केला, मी न्हाई शिवला तर ही बाई बाजारातून गडीमानसाचा ढगळा शर्ट आनून घालंल. लोक म्हनतील, हिची बहीन टेलर हाय म्हनं! तेवढं मला सोसनार न्हाई. तुझी मापं वहीत हुतीच. कंबरेत एक इंच वाढवलाय, उगं नाकारू नको, नाताळात मी डोळ्यानं बघितलंय.

आभाळी रंगाचं पॉपलिन हाय. कॉलर ताठ. बाहीला कफ, दोन बटनं, काटा आत शिरनार न्हाई. दोन्ही बाजूंनी कट ठेवलेत, बसताना साडी गोळा व्हायची न्हाई. खिशावर निळ्या दोऱ्यानं तुझं नाव आन् पदवी भरलीय. आता कुनी खुरपं दिलंच तर खिसा पुढं कर.

उद्याच्या एस.टी.त पार्सल ठेवते. इस्त्री करून घाल, चुरगळलेला घालून माझं नाव घालवू नको. मनातला राग अजून गेला न्हाई, पन माया त्याच्याहून जुनी हाय.

तुझी ताई,
एस्तेर

सावेडी, अहिल्यानगर
२ मार्च २०२५

ती. एस्तेरताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

आधी निकाल सांगते, नाहीतर तू ओळी गाळत खाली पळशील. अडतीसपैकी एकोणतीस हात माझ्यासाठी वर झाले!

आता सगळं सांगते. काल सकाळी शर्ट अंगात घालताना हात थबकला. मी काही मजूर नाही. त्यांच्या वेषात जाणं हे एक प्रकारचं सोंगच नव्हे का? पण बस सुटायला आली होती, म्हणून निघाले.

मोठ्या गाडीवाले सल्लागार लिंबाखालच्या खुर्चीवर बसून बोलत होते. चांगलं बोलत होते, खोटं कशाला सांगू. अंगदरावांनी माझ्यासाठीही खुर्ची मागवली. ती येईपर्यंत मी त्या पिवळ्या ओळींत शिरले होते. कॉलर ताठ, बाहीला एक ओरखडा नाही.

तुझी भीती पहिल्या मिनिटालाच खरी झाली. खुरपणाऱ्या भीमाबाईंनी विचारलं, कोनाच्या टोळीतली गं तू, आन् खुरपं घरी इसरलीस व्हय? मी खिसा दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग मी झाडांची डॉक्टर आहे असं सांगितलं, तर सगळ्या टोळीला हसू आवरेना. भीमाबाई म्हणाल्या, मग बस की खाली, पेशंट काय उठून तुझ्याकडं येतोय?

मी बसले. या ओळींत आधी काय होतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, गेल्या साली ह्याच तीन वळींच्या मधी टोमॅटो हुता, उपटताना मुळ्यांना हळकुंडावानी गाठी लागल्या हुत्या. कुणाला सांगितलं का? तर म्हणाल्या, कुनी इचारलं तर सांगावं ना बाई.

ठिबकच्या नळीखाली हातानेच उकरलं. डाळिंबाच्या मुळ्यांवरही त्याच गाठी! सूत्रकृमी, ताई. मुळांत घर करणारी बारीक कीड. लोहाचा काही संबंधच नव्हता. मूळ घेऊन लिंबाखाली आले आणि सर्वांसमोर सांगितलं, की गेल्या वेळी मी फोटोवरून बोलले, माझं चुकलं. मग निंबोळी पेंड, ओळींमध्ये ही कीड हटवणारा झेंडू, असा सगळा इलाज मांडला. हे भीमाबाईंमुळे कळलं, तेही सांगितलं. दुसऱ्या सल्लागारांनी काळा चष्मा काढून मूळ निरखलं आणि बाई बरोबर आहेत असं मोठ्याने म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस.

हात मोजून झाल्यावर मी एक अट घातली. दर फेरीला आधी टोळीशी बोलेन, मग मालकांशी. अंगदराव कुरकुरले, आता बायांची परवानगी काढायची का म्हणून. आणि पुढच्या दमात त्यांनीच भीमाबाईंना लिंबाखाली चहाला हाक मारली.

चहा घेता घेता भीमाबाईंनी माझी बाही चिमटीत धरली. शर्ट मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा का, असं विचारलं. मी म्हटलं, माझाच, माझ्या मापाने शिवलेला. त्यांनी कफ उलटून पाहिला, बाजूचा कट पाहिला. मग म्हणाल्या, तीस वरसं शर्ट घालतीय मी, पन माझं माप अजून कुनी घेतलं न्हाई.

शिवणीचा टेप नव्हता, म्हणून बांधावरच्या सुतळीने घेतलं. छाती, खांदा, बाही, उंची, प्रत्येकाला एक गाठ. सुतळी पाकिटात घातली आहे. रंग त्यांना लाल हवाय, आणि खिसे दोन.

लोभ वाढतोच आहे. कामही वाढणार, तयार राहा.

तुझी,
रेबेका