कुंकवाखालची पाटी

२८ ऑक्टो.
कारंजा. डाळ मिलची तपासणी. सात मोटरी, प्रत्येकीवर करंटचा आकडा कोरलेली पाटी. सहा वाचल्या. दोन नंबरच्या पाटीवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू, वर्षांवर वर्षं चढलेलं, त्यावर तेल. अक्षर दिसेना. पर्समध्ये रुमाल होता. मिलमधली कामगार कांताबाई चाळणीपाशी बसून बघत होती. माझा हात पुढे झाला नाही. एक नंबरची मोटर दिसायला तशीच, तिचेच आकडे लिहिले. पंधरा अँपिअर. 'पाटी वाचली' या रकान्यात खूण केली. परतताना एसटीत छान झोप लागली.

६ नोव्हें.
मिलचे वायरमन नामदेवभाऊ, त्यांचा फोन. "म्याडम, तुमच्या कागदापरमानं समदे रिले लावले बरं. आता मोटरीनं जास्त करंट ओढला का बंदच पडन. फिकीर नाई."
छान, म्हटलं. दोन नंबरचं सांगायचं मनात आलं होतं. मग डबा भरायचा होता.

१९ नोव्हें.
दोन नंबर जळली. रिलेनं बंद पाडलीच नाही. धूर पाहून कांताबाई पोतं बाजूला ओढायला गेली, उजवा तळहात मोटरीवर टेकला. फोड आलेत.
ऑफिसात सर म्हणाले, "रिले चुकीचा लावला, वायरमनची चूक. आपला कागद साफ आहे."
मी मान हलवली. 

२१ नोव्हें.
सरांसोबत मिलमध्ये. पाटी कोणीतरी धुतलेली. साडेसात एचपी. अकरा अँपिअर; रिले पंधराला लावलेला. स्वच्छ, कोरलेलं.
नामदेवभाऊंना मालकाने घरी बसवलंय. तरी फाटकाशी उभे होते. सर पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "म्याडम, तुमी अकराच लिवलं असन. मीच पंधरा वाचलं. डोये गेले आता माह्ये."
आणि हसले. मी "बघू" म्हणून गाडीत बसले.

२२ नोव्हें.
का नाही पुसलं? जयभीमवाली बाई आली आन् कुंकू पुसून गेली, असं कोणी म्हणू नये म्हणून. कोणी म्हटलं नव्हतं. मीच आधी ऐकून ठेवलं होतं. वीस वर्षं नोकरी करून अजून...

२४ नोव्हें.
कांताबाईच्या घरी गेले. हाताला पट्टी, चहा डाव्या हाताने दिला. सगळं सांगितलं. 
"कुंकू तं मीच लावतो दरसाली. सांगतलं काहून नाई? मीच फडकं मारलं असतं. आमी काय तुमाले खाऊन राह्यलो होतो?"
मग म्हणाली, "नामदेवले सांगतलं?"
नाही म्हटलं. तिने कप उचलून नेला. माझा अर्धा होता.

२६ नोव्हें.
सरांना लिहून दिलं : दोन नंबरची पाटी मी वाचली नव्हती, आकडा अंदाजाने लिहिला. वाचून त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. "उद्या बोलू. तोवर विचार करा."

दुपारी नामदेवभाऊंचा फोन. आवाजात उत्साह. "म्याडम, चष्मा करून आलो. लय साफ दिसून राह्यलं. तो कागद एकडाव दाखवता का? माही चूक कुठं झाली ते पायतो."
या, म्हटलं.
उद्या सकाळच्या एसटीनं वाशीमला, माझ्या ऑफिसात येतायत.