चाबूकस्वाराची पत्रं

३ ऑक्टो., शुक्रवार
युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आज, मी लावतेय त्या काउंटच्या कागदांच्या खोक्यातलं शेवटचं पाकीट उघडलं. यादीत कुणीतरी लिहून ठेवलंय, 'संस्कृत प्रार्थना'. कसल्या प्रार्थना! पानभर आधी आडवी रेघ ओढलेली, अक्षरं तिला लटकलेली, शब्द कुठे तुटतच नाही. मोडी! न्यू जर्सीत! चार पत्रं. मला मात्र एक अक्षर वाचता येईना. नागपूरहून मास्टर्स करायला आले आणि अडले कुठे, तर मराठीत.

काउंट म्हणजे हंगेरीतला उमराव. जमीन गेली, किताब तेवढा उरला. साताऱ्याकडच्या एका छोट्या संस्थानात सहा वर्षं घोडे शिकवायला, म्हणजे चाबूकस्वार होता. मग परत, लग्न, युद्ध. शेवटी इथे येऊन लिफ्ट चालवली.

६ ऑक्टो., सोमवार
खोकं दिलं त्याच्या मुलीने. इलोनाबाई, वय चौऱ्याऐंशी, एकट्या राहतात, पूर्वी स्कूल बस चालवायच्या. पत्रांचं फोनवर सांगितलं. मग, "आई म्हणायची, कुणा बाईची आहेत. जाळायला निघाली होती. वडिलांनी आयुष्यात एकदाच आवाज चढवला, तो तेव्हा." आणि पुढे, "मला एवढंच शोधून दे. त्यांचं तिकडे कुणी होतं का?"
देते म्हणाले. कशाच्या जोरावर, देव जाणे.

११ ऑक्टो., शनिवार
आयसेलिन, इथली देशी बाजारपेठ. ओक ट्री रोडवर दिवाळीची गर्दी, पार्किंगलाच पाऊण तास. पेठे काका इथे मुलाकडे असतात. नोकरी सगळी भूमी अभिलेखात, त्यामुळे मोडी घडाघडा वाचतात. स्कॅन भिंगाखाली धरले आणि ओरडलेच, "अगं, यात जमिनीचं भांडणच नाही! मोडीत दुसरं काही लिहितात हे आज कळलं मला."

लिहिणारा गोविंद, पागेवरचा कारकून. 'चाबूकस्वार साहेबांचे सेवेशी.' पत्र पहिलं: साहेबांची घोडी सुखरूप व्याली. दुसरं: शिंगरू पांढऱ्या पायाचं, फार द्वाड. तिसरं: घोडीचं पोट दुखलं, आता बरी आहे. मी चक्क टाळ्या वाजवल्या. चौथं पुसट. काका म्हणाले, "ठेव, उद्या उजेडात बघतो."

थांबले का मी? छे. पार्किंगमधूनच इ.बाईंना फोन. घोडीची पत्रं आहेत, घोडीची! हसून हसून त्यांना खोकला लागला. "आई चाळीस वर्षं एका घोडीवर जळत होती!" मग म्हणाल्या, "म्हणजे कुणी नव्हतं तर." आवाज जरा पडला होता. मी आपल्याच नादात.

१२ ऑक्टो., रविवार
काकांचा फोन. "आधी खाली बस."
चौथं पत्र इथल्या पत्त्यावर आलेलं, युद्धानंतरचं. काकांनी सांगितलं तसंच उतरवते:
'माझी भाची तारा बारा वर्षांची जाहली. आपण गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मली. डोळे आपले, घारे. शाळेत बापाचे नाव विचारतात. मी मामा, परंतु तेथे माझेच नाव लाविले आहे. आपण चिंता करू नये. घोडी गेली.'

काका, सिरियसली? एवढंच सुचलं मला. कालचा फोन आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "सांगू नकोस. म्हातारी पोटभर हसली ना?" मग स्वतःच, "पण तिने विचारलं होतं, नाही का."

१७ ऑक्टो., शुक्रवार
इ.बाईंकडे जाऊन आले. घोडीच्या आनंदात अक्रोडाचा केक करून बसल्या होत्या. मी तुकडा ताटलीतच चिवडत होते. शेवटी सांगितलं, अजून एक आहे.
"आधी तुझ्या भाषेत वाच. ऐकू दे."
वाचलं. मग इंग्रजीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता रडणार, आणि ते माझ्यामुळे. तर विचारतात काय?
"मोठी की लहान?"
मोठी, पत्राच्या तारखेवरून चार वर्षांनी. आज असतील तर अठ्ठ्याऐंशीच्या.
"बघ! आणि मी जन्मभर एकटी." टेबलावर हात आपटला, कप हलले. केकचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत. तो मात्र खाल्ला!
निघताना दारात, "तुमच्यात मोठ्या बहिणीला नावाने हाक मारतात?"
नाही, ताई म्हणतात.
घरी येऊन काकांना फोन. त्यांचा भाचा त्याच तालुक्यात असतो. त्याला कामाला लावलं.

२५ ऑक्टो., शनिवार
भाच्याचा मेसेज! गोविंद कारकुनाचं घर सापडलं. कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, "घारी आजी? ती दोन वर्षांपूर्वी मुलाकडे कोल्हापूरला गेली. पुढचं काही माहीत नाही बाई." नंबर शोधतोय.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत होत्या! खोलीत एकटीच नाचले. मग खाली बसले. दोन वर्षं, त्या वयात...

इ.बाईंचा व्हॉइसमेल येऊन पडलाय. "बरोबर म्हणते का, सांग." आणि मग तीनदा, थांबत थांबत, "ताई. ताई. ताई."

अगदी बरोबर, असं लगेच कळवलं. तेवढंच कळवता आलं; कुलपाचं नंबर मिळाल्यावर.