वारा नव्हता, नाना

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि मी आज पहिल्यांदा लिहितोय. आजच का? कारण काल शहाद्याच्या बाजारात खेमादादा मला शोधत आला. तोरणमाळच्या अलीकडच्या पाड्यावरचा, ज्याच्या बायकोला श्रावणात साप चावला होता तो. खांद्यावर खताचं पोतं होतं आणि पोत्यात आपला ड्रोन.

"भाऊ, तुमचं विमान," तो म्हणाला. "गवत कापताना सापडलं. एक पंखा पोरांनी मोडला, रागवू नका." औषधाची पेटी अजून खाली बांधलेली होती, आतल्या कुप्यांचा चुरा झालेला. मग त्यानं सहज विचारलं, "पण हे डोंगराच्या पलीकडं कशाला आलतं? नदी तर अलीकडं."

नाना, ह्याचं उत्तर एकट्या मला माहीत आहे. ते तुम्हाला द्यायचं होतं.

'रिपोर्ट शुद्ध मराठीत, शिव्या अहिराणीत' हा तुमचा कायदा. म्हणून हे मराठीत लिहितोय. शिव्या तुम्ही घाला!

आपली पहिली भेट आठवते? मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. प्रॅक्टिकलवरून सरांशी वाजलं, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो तो निघालोच. घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पुरुषोत्तमनगरच्या बाजूच्या मोकळ्या रानात गाडी लावून बसायचो. तिथे दर रविवारी तुम्ही आश्रमशाळेच्या पोरांकडून थर्माकोलची विमानं उडवून घ्यायचात. तुम्ही आलात, माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तुन्हं डोकं कायम तव्यावरच ऱ्हास का रे?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तर तुम्ही वारा दाखवणाऱ्या कापडी नळीची काठी माझ्या हातात दिलीत. "मंग ही धर. हालू नको."

दोन तास धरली! तेव्हापासून मी मंडळाचा झालो.

आपलं मंडळ म्हणजे तरी काय? हवाई दलातून निवृत्त झालेले तुम्ही, तुमच्यासारखे तिघे-चौघे, दोन मास्तर आणि आम्ही फुकट राबणारी पोरं. पुरात कोणी अडकलं की शोधायचं, घाट बंद झाला की वर औषध पोचवायचं, आणि रविवारी पोरांना शिकवायचं. तिथे तुम्ही विमानं दुरुस्त करायचात, स्वतः कधी उडवलं नाहीत. "पण मन्ही सही व्हयेपर्यंत एकबी उडनं नही," हे मात्र दर पावण्याला ऐकवायचात. उसात हरवलेले ते आजोबा आठवतात? अख्खं गाव हाका मारतंय आणि आपल्या ड्रोनला दिसतंय काय, तर उसाच्या मधोमध पांढरं धोतर. बाहेर काढल्यावर म्हातारा म्हणतो, "मी कुठे हरवलो? सावलीत बसलो होतो. हरवलेले तुम्ही." किती हसला होतात तुम्ही! हसता हसता तुम्हाला दम लागला होता आणि पायलनं धावत जाऊन तुमचा दम्याचा पंप आणला होता.

पायल. तुमच्यापासून काय लपलं होतं म्हणा! तिच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानात मी सहा महिन्यांत चार टॉवेल घेतले, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "आंघोळ किती वेळा करस रे?"

आता त्या दिवसाचं लिहितो.

सकाळी रानात पोचलो तेव्हा ती आधीच आलेली होती. म्हणाली, सुरतेच्या मुलाशी नक्की झालं. मी म्हटलं, पळून जाऊ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी गिऱ्हाईक आहे. "भूषण, तू ना माचिस आहेस माचिस. कॉलेजातून पळालास, आता मला घेऊन पळणार? मग माझ्यापासून पळून कुठे जाशील?" मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिच्या वडिलांबद्दलही बोललो. ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित थांबलो असतो.

तेवढ्यात तुमचा फोन आला. घाटात दरड पडलीय, खेमाच्या बायकोला साप चावलाय, वरच्या दवाखान्यात सापाच्या लसीच्या कुप्या कमी पडताहेत. अर्ध्या तासात आपण तिघे पायथ्याला. तुम्ही दोन पेट्या भरल्यात. एक ड्रोनला, एक हाताशी.

आणि पायलनं उड्डाणाचा कागद काढला.

तुमच्याच हातचा तो कागद. यंत्राच्या आधी माणूस. झोप झाली का? जेवलास का? काही घेतलंयस का? कुणाशी भांडून आलास का? एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. शेवटच्याला 'हो' म्हटलं तर रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि का म्हणून कोणी विचारायचं नाही. किती साधं होतं, नाना! मी 'हो' म्हटलं असतं तर रिमोट पायलला मिळाला असता. तिचा हात माझ्यापेक्षा शांत, हे तुम्हीच म्हणायचात.

तिनं वाचलं, "कुणाशी भांडून आलास का?" आणि वर पाहिलं.

मी म्हटलं, "नाही."

तिनं कागदावर बरोबरची खूण केली. तिनं थांबवायला हवं होतं ना? तीन महिने मी रोज हेच घोकलंय. पण खरं सांगू? सकाळी मी तिला जे बोललो होतो, त्यानंतर माझ्याशी आणखी एक शब्द बोलायची ताकद तिनं कुठून आणायची?

ठरलेला रस्ता नदीच्या खोऱ्यानं होता, वळणावळणानं. तुम्ही आम्हाला दहादा फळ्यावर काढून दाखवलं होतंत: डोंगराच्या धारेच्या, म्हणजे माथ्याच्या, पलीकडे वारा खाली कोसळतो, तिथे हलकी वस्तू टिकत नाही. मला सगळं पाठ होतं. पण पायल वरच्या दवाखान्याशी फोनवर होती, तुम्ही दुसऱ्या पेटीत बर्फ भरत होतात, आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं होतं, हिला दाखवतो मी पळतो की पोचतो. सरळ धारेवरून नेलं, नाना. वेळ वाचवायला. पलीकडे गेल्याबरोबर रिमोटचा पडदा काळा.

तुम्ही धावत आलात. "काय व्हयनं?"

"वारा, नाना. नदीवर एकदम वारा आला."

इथे तरी खरं बोललो असतो! तुम्ही दुसरी पेटी उचललीत. मी म्हटलं, मी जातो. तुम्ही म्हणालात, "मी जास. तू आठेच थांब, सिग्नल ई तं सांग." आणि पायवाट सोडून नदीकाठानं निघालात, कारण मी नदी म्हणालो होतो. ड्रोन वाटेत सापडला तर पहिली पेटीही हाताला लागेल, असा तुमचा हिशोब. पायवाटेनं दोन तास लागले असते. तुम्ही पाच तास चाललात, पावसात, दगडादगडामागे वाकून बघत, दम्याच्या छातीनं. नसलेल्या ड्रोनसाठी. आणि मी पायथ्याला बसून, येणार नाही हे माहीत असलेल्या सिग्नलची वाट बघत होतो.

खेमादादाची बायको वाचली. तुम्हाला ताप भरला तो उतरलाच नाही.

नंदुरबारला दवाखान्यात तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला करून मला विचारलंत, "काही सांगनं शे का तुले?" मी म्हटलं, "नाही नाना, तुम्ही आराम करा." एकदा तुमच्या कागदाला आणि एकदा तुम्हाला, मी दोनदा 'नाही' म्हटलं. तुम्हाला माहीत होतं का? असेल तर कान का नाही धरलात? मला सोडून दिलंत ते प्रेमानं, की तोवर तुमचा दम संपला होता? ह्याचा मला राग येतो, नाना. तुमच्यावर येतो! मग लाज वाटते.

आपल्या रविवारच्या वर्गाची रीत मी मोडली. काही बिघडलं की पुढच्या रविवारी ज्याच्या हातून बिघडलं त्यानं पोरांसमोर उभं राहून पहिल्यापासून सांगायचं. कोणी हसायचं नाही, कोणी शिक्षा करायची नाही. इंजिनात पाना विसरल्याची तुमची गोष्ट त्या पोरांना तोंडपाठ आहे. मी मात्र त्यांच्यासमोर उभा राहून वाऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती वहीत उतरवून घेतली, नाना. आकृतीसकट.

आणि आता मंडळानं ठरवलंय, परवाच्या रविवारपासून वर्ग भूषणनं घ्यायचा. तुमच्या जागी! पोतं माझ्या खाटेखाली आहे. खेमादादा परत डोंगरावर गेला. तापीत टाकून दिलं तर कोणाला कळणार नाही.

काल त्यानं माईंसाठी सीताफळं दिली होती, ती घेऊन तुमच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. माई म्हणाल्या, "पहिले जेवी ले." कळण्याची भाकरी, ठेचा. मी घास तोंडात घेतला आणि त्या सीताफळं टोपलीत लावता लावता म्हणाल्या, "मानूस कोनाशीबी भांडी सकस रे. वाराशी काय भांडो? वारा लई गया त्यास्ले." वाराच तुम्हाला घेऊन गेला, असं त्या मानतात. नंतर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू व्हता म्हनून त्यास्ले शेवटलोंग आधार व्हता." मी पाणी प्यायलो आणि उठलो.

पायलचं लग्न माघात आहे. तिला मी काही कळवणार नाही. सांगताना एवढंच सांगेन की तिनं विचारलं होतं आणि 'नाही' माझं होतं. ते भांडण कोणाशी, हा पोरांचा विषय नाही.

वर्ग मला देणार नाहीत. ड्रोनलाही हात लावू देणार नाहीत, आणि तेच बरोबर. घरी बाबा काय करतील ते मला दिसतंय. पण ती पोरं उद्या धारेपलीकडे काहीतरी पाठवतील, नदीवरच्या वाऱ्याला दोष द्यायला शिकतील, आणि कोणी म्हातारा नदीकाठानं शोधत निघेल. ते मला नको.

नाना, शब्द देतो. उद्या सकाळी पोतं घेऊन माईंकडे जाईन. त्या जेव म्हणतील. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून आधी सांगेन, शेवटपर्यंत, नदी कुठे आणि धार कुठे ते सगळं. त्यानंतर मला आत घ्यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. आणि रविवारी पोरांना त्यांच्या वहीतलं ते पान खोडायला लावीन.

तुमच्या कानपिळीची वाट बघणारा,
भूषण