विचार केला की अक्षर गिळणारा कीबोर्ड

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? औषध वेळच्या वेळी घेतेस की डबीत सांभाळून ठेवतेस? इकडे सगळे ठीक आहेत आणि मी तर इतकी खुशीत आहे की सकाळी दूध उतू घालवलं आणि पुसताना गात होते. ताई, मी संगणक दुरुस्त केला. माझी मी. म्हणजे जवळजवळ माझी मी.

यंत्रांच्या खोक्यातून येणाऱ्या आणि कुणीही न वाचणाऱ्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर मी करते, हे तू चारचौघांत सांगायला लाजतेस, मला ठाऊक आहे. त्या कामासाठी जावईबापूंनी माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आणि जाता जाता वीज वाचवणारा एक प्रोग्रॅमही बसवला. (हे गृहस्थ खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतात. आत आपण बसलेले असलो तरी.) तेव्हापासून माझ्या लिखाणातली अक्षरं गळायला लागली. भराभर लिहीत असले की काही नाही, पण जरा थांबून, विचार करून लिहायला घेतलं की पहिलं अक्षर गायब. आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग विचार करू नकोस." मीही दुर्लक्ष केलं. एखादं अक्षर गेलं तर काय मोठंसं, असं वाटलं.

मग धाकट्या दिरांची मेल आली. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात, एकटेच असतात, हे तुला माहीत आहे. घरमालकाने जागा सोडायला सांगितली, काही महिने तुमच्याकडे राहून सराव करता येईल का, असं विचारलं होतं. ह्यांनी उत्तराचं काम माझ्यावर ढकललं. मी पुष्कळ विचार केला, मध्ये चहा करून आले, पुन्हा बसले आणि लिहिलं, "अशक्य आहे. विचारही करू नका." (फार तोडून लिहिलं, कबूल. पण गोड शब्दांत नाही म्हटलेलं ह्यांच्या घराण्यात कुणाला कळत नाही.) त्यांना पोचलं ते असं: "शक्य आहे. विचारही करू नका." त्यांनी विचार केला नाही. रविवारी वळकटी, बॅग आणि ट्रम्पेट घेऊन दारात उभे. मी आत जाऊन पाठवलेली मेल उघडून पाहिली आणि तशीच स्वयंपाकघरात जाऊन एका माणसाचं कुकरला जास्त लावलं. दुसरं काय करणार?

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात विजेच्या किटलीची पुस्तिका करत होते. "ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करणे" इथवर लिहिलं, नेमका शब्द कोणता म्हणून थांबले आणि मग "असुरक्षित आहे" असं लिहिलं. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. नशिबाने छापण्याआधी संपादकबाईंनी पाहिलं. फोनवर आवाज इतका शांत होता की मी उभीच राहिले. म्हणाल्या, "बाई, माणसं मेली असती. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

मग मात्र पदर खोचला. मी आयुष्यभर लोकांना "प्रथम जोडणी तपासा" असं लिहून सांगत आले, तर आधी तेच केलं. कीबोर्डची वायर दुसऱ्या यूएसबी खाचेत घातली. तेच. शेजारच्या शिंपीणबाईंचा कीबोर्ड मागून आणला. त्यालाही तीच खोड. तेव्हा दोष कीबोर्डचा नाही, हे कळलं. जावईबापूंना फोन लावला, तर ते कौतुकाने म्हणाले, "अहो आई, दोन-चार सेकंद हात लावला नाही की कीबोर्डची वीज बंद होते. पहिलं बटण दाबलं की जागा होतो." मी म्हटलं, "जागा होताना ते पहिलं बटण खातो, त्याचं काय?" मग त्यांनी वाट सांगितली: जोडलेल्या प्रत्येक वस्तूची संगणकात एक फाइल असते, तिथे "ऑटो" असेल तर वस्तू झोपते, "ऑन" लिहिलं की जागी राहते.

मी लिहिलं "ऑन". पण प्रिंटरच्या फाइलीत. (प्रिंटर बिचारा जागा आणि कीबोर्ड घोरतोय.) मग बरोबर फाइल सापडली, पण खात्री कशी करायची? दर वेळी मुद्दाम रिकामं बसायचं आणि मग बटण दाबायचं, आणि मला रिकामं बसता येत नाही, हात आपोआप चालतो. तेव्हा दीर मदतीला आले. ते ट्रम्पेटवर एक लांबलचक सूर धरायचे, तो संपेपर्यंत मी हाताची घडी घालून बसायची, सूर थांबला की "अ" दाबायचा. अ उमटला. पुन्हा सूर, पुन्हा अ. दोघं इतके हसलो की त्यांचा पुढचा सूर फाटला. संगणक बंद करून चालू केला तर पुन्हा "ऑटो", कारण तो वीजबचतवाला प्रोग्रॅम दर वेळी येऊन सगळ्यांना झोपवतो. शेवटी त्याच्याच सेटिंगमध्ये कीबोर्डचा क्रमांक टाकून "याला वगळ" असं बजावलं. आता कितीही विचार करते, अक्षर जागच्या जागी. किटलीही सुधारून पाठवली.

तुझी धाकटी

ता. क. खरं म्हणजे हे सगळं सांगायचं कारण वेगळंच. तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे आणि भाऊजींना हल्ली कमी ऐकू येतं. दिरांना तिकडे पाठवू का? माणूस फार चांगला आहे, फक्त वाजवतो.

ता. क. २ वरचं विसर. दिरांना मी आत्ताच खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, चूक असणार हे मला वाचतानाच कळलं होतं. पण कुणी या म्हटलं की बरं वाटतं, म्हणून आलो." आणि वळकटी बांधायला लागले. मी सोडायला लावली. राहणार आहेत. तेव्हा एवढंच कर, कानात घालायचे ते मऊ बोळे मिळतात ना, ते पाठवून दे. जरा जास्तच पाठव, शिंपीणबाईंनाही द्यावे लागतील.