मनोऱ्यावरचा क्रूस

सारसोळे, नेरूळ
ता. १२ ऑक्टोबर १९८४

चि. गणू यास बाबाचा आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक. माझा दमा आहे तिथंच आहे. खाडीत मासळी कमी झाली.

तुझं चित्राचं कार्ड पोचलं. सहाशे वर्षांचं विटांचं चर्च, उंच मनोरा, टोकदार खिडक्या, मागे समुद्र. तिथं माणसं नुसती हवा खायला येतात, असं लिहिलंस. इथं ओहोटी लागली की माणूस नाक धरतो.

मागचं बारीक अक्षर मी तीनदा वाचलं. चौथीपर्यंतचं शिक्षण, वाटलं आपलंच वाचणं चुकतंय. चुकलं नव्हतं.

तुझ्या आईला मी सांगितलं, हे दीपगृह आहे. गणू कामाला आहे ती बोट तिथं दुरुस्तीला लागलीय, झाली की येईल. तिनं कार्ड देवाशेजारी ठेवलं. रोज विचारायची, "झाली का बोट?" मी म्हणायचो, मोठी बोट आहे, वेळ लागतो. गणपती गेले, तरी बोट होईना.

परवा नव्या इमारतीतल्या सुमित्राबाई पापलेट घ्यायला आल्या. म्हणाल्या, "मैनाबाई, चर्च कसं ठेवलंत देवात?" मैना म्हणाली, "माझा पोर तिथं हाय ना, म्हनून."

त्या गेल्यावर ती मासे साफ करत राहिली. "उरनला चर्चसमोर दहा वर्सं मासली इकली मी. मना टोकावरचा क्रूस दिसत नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी रोज बोट दुरुस्त करीत होता. बरं वाटायचं ऐकायला."

मग सगळं वाचून दाखवलं. त्या चर्चमध्ये तुझं लग्न झालं, तिथल्याच हॉटेलात नोकरी लागली, आता परत येणं नाही. शेवटची ओळही वाचली, की आत छताला लहान लाकडी होड्या टांगल्यात, समुद्रातून न परतलेल्यांच्या नावाच्या. ती वाचायला नको होती.

तेव्हापासून ती बाजारात जाते, जेवते, पण बोलत नाही. ये म्हणायला तोंड नाही, येऊ नको असं लिहवत नाही. सूनबाईला आशीर्वाद. तिचं नाव मला लागलं नाही, नीट लिही.

इथवर लिहून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याला लिवा, त्या छताला तुझी होरी टांगू देऊ नको."

आपली होडी अंगणात पालथी आहे. डांबर लावून ठेवलंय.

तुझा बाप
बाळाराम