वकीलसाहेबांच्या खुर्चीचं पान

२४ मार्च १९४६
उस्तादांनी आज पटाशी उलटी धरली. मी हळूच सुलटी करून हातात दिली. मग पळसाचं फूल डोळ्याला लावून म्हणाले, "लाल असंल ना रे अजून?" डोळे गेलेच म्हणायचे. हैदराबादहून त्यांच्या लेकीचा कागद आलाय. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत जावई त्यांना न्यायला येणार. पंधरा वर्षं झाली मला त्यांच्या हाताखाली, या सुताराच्या दुकानात. ते गेल्यावर कुणाला विचारू, हे बराबर झालं का म्हणून? मला ते जायला नकोत. इथं लिहितो, तोंडानं बोलवत न्हाई.

२९ मार्च
औंढ्याचे वकीलसाहेब आले. लहानपणी हिंगोलीच्या कॅम्पात गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पाहिलेली, तसली खुर्ची पाहिजे. रुंद हात, वेताची बैठक, पाठ मागं कललेली, वरच्या पट्टीवर नक्षी. म्हणाले, "बसलो की कुणाला तरी हुकूम सोडावासा वाटला पाहिजे!" उस्ताद लई हसले. मग म्हणाले, गणपत एकटाच करील, मी हात लावणार न्हाई. वकील गेल्यावर मला जवळ बसवलं. "खुर्ची बराबर उतरली तर दुकान तुझं. मी बेफिकीर जाईन. न्हाई उतरली तर जाऊ कसा? काम शिकवायचं अर्धं टाकून?"
म्हणजे चांगली झाली तर ते जाणार. बिघडली तर राहणार. काय हा सौदा, देवा.

२ एप्रिल
सागाच्या फळ्या काढल्या, दोन उन्हाळे वाळलेल्या. रंधा मारला, वास सुटला, आणि पहिलं वर्ष आठवलं. उस्तादांचे अब्बा कॅम्पात साहेबलोकांच्या खुर्च्या करायचे. साहेब किताब दाखवायचा, त्यातली विलायती फुलं कोरायची. पलटण गेली, किताब गेली. उस्ताद म्हणाले, जी फुलं आपण कधी हुंगली न्हाईत ती काहून कोरायची? तवापासून दुकानाचा रिवाज, ज्याची खुर्ची त्याच्याच दारचं पान. दोऱ्यानं डोळ्यासमोर टांगायचं, कोमेजायच्या आत रेघा लाकडावर उतरवायच्या.
माझं पहिलं पान करंजाचं. दिसायला बरं म्हणून तीन शिरा जास्तीच्या काढल्या. उस्तादांनी अख्खं पान रंध्यानं साफ केलं. "झाडापेक्षा शहाणा झाला का बे?" काय चिडलो होतो! आता वाटतं, पुन्हा एकदा तसं खेकसावं. दुपारी कांदा बुक्कीनं फोडायचे, मोठा तुकडा माझ्याकडं सरकवायचे. हल्ली तेबी अंदाजानं.

११ एप्रिल
औंढ्याला जाऊन आलो. वकिलांच्या अंगणात आंबा, लिंब, बेल. बेलाला नवी तांबूस पालवी. एका देठाला तीन पानं, काय सुबक! ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. कशाचं पान, ते उस्तादांनी विचारलं न्हाई. "तुझी खुर्ची, तुझं पान."

१४ एप्रिल
पट्टी झाली. हात असा कधी चालला न्हाई. बायको, रखमा, भाकर घेऊन आली होती. जमिनीवर पडलेलं एक पान उचललं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवायला घरी नेलं. मी आपला कोरण्यात दंग.

५ मे
इज्जतीचा पार पंचनामा. खुर्ची गाडीतून औंढ्याला नेली. वकील खुशीत बसले, पाठ टेकायला गेले, मागं वळून पट्टी पाहिली आणि अर्ध्यातच उठले. चष्मा लावला. "गणपतराव, हा बेल ना? महादेवाच्या माथ्यावर वाहायचा. त्याला मी पाठ घासू? तेही नागनाथाच्या गावात?" त्यांच्या आई बाहेर आल्या, त्यांनी तर खुर्चीला हातच जोडले. वकील म्हणाले, "बघा, आता हिच्यावर बसायचं की हिची पूजा करायची?" मला वर बघवेना. खुर्ची त्याच गाडीतून परत.

६ मे
उस्तादांना सांगितलं. त्यांनी पट्टीवर बोटं फिरवली. "काम बराबर आहे. पान चुकलं." मग म्हणाले, "मी मुसलमान, मला बेल कळतो. तुला काहून कळला न्हाई?"
मी उगाच पटाशी पुसायला घेतली.
"मला ठेवून घ्यायला महादेवाला मधी घातलंस व्हय?"
न्हाई म्हटलं. शपथ घेतली. पण मग काल गाडीत परत येताना जीव हलका काहून झाला होता? रखमानं डोळ्यादेखत पान कपाळाला लावलं, तरी माझ्या टाळक्यात कसं शिरलं न्हाई? माझं मलाच कळेना झालंय.

१६ मे
जावई आले. भला माणूस. दुकानाच्या ओट्यावर बसून वाट पाहून राहिले. उस्तादांनी त्यांना सांगितलं, खुर्ची वकिलाला पटंल अशी झाल्याबिगर मी हलणार न्हाई. दुसरी पट्टी घेतली. वकिलांच्याच अंगणातला आंबा. या खेपेला पान आधी उस्तादांच्या हातात दिलं. त्यांनी चुरगाळून वास घेतला, मला दुसरं घ्यावं लागलं.

२१ मे
शेवटची शीर राहिली होती. पटाशी टेकवली आणि हात थांबला. एकच रेघ वाकडी गेली, तर पट्टी पुन्हा. आणखी पंधरा दिवस उस्ताद इथं. मुद्दाम केली, ते जावयाला काय कळणार? वकिलाला तरी काय?
न्हाई केलं. झाडावर होती तशीच काढली. रडू आलं. लाकडावर पडू नये म्हणून तोंड फिरवलं.

२३ मे
पट्टी बसवली. उस्ताद आधी खुर्चीत बसले, मग उठून मागं गेले. पान चाचपलं. देठ, शिरा, टोक. पुन्हा देठापासून. एरवी एकदा बोट फिरवलं की निकाल द्यायचे, बरं तर बरं, न्हाई तर शिवी. पान बराबर होतं, तरी आज निकाल न्हाई.
जावयानं ओट्यावरून विचारलं, "अब्बा, कैसा बना?"
"उद्या सांगतो," उस्ताद म्हणाले.
बोटं पानावरून काढलीच न्हाईत.