कोरडी वाटी

उस्ताद, काल दुपारी आमचा जुना ट्रॅक्टर सुरू झाला. तोच, ज्याचं इंजन तुम्ही एका वर्षात दोनदा बांधलं होतं. कितीतरी वर्षं तो गावाकडं लिंबाखाली उभा होता, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. गेल्या दिवाळीत टेम्पोत घालून लातूरला घरी आणला आणि तेव्हापासून दर रविवारी अंगणात तेच काम. शेजारी म्हणतात सरांचं डोकं फिरलंय. क्लासातली पोरं फोटो काढून नेतात. फिजिक्सचे सर स्वतः इंजन खोलतात याचं त्यांना भारी कौतुक, आणि मीही नखातलं काळं न धुता सोमवारी फळ्यासमोर उभा राहतो. तुम्हाला हे सांगताना मान वर होत नाही, कारण एके काळी याच काळ्या नखांची मला लाज वाटत होती आणि त्या लाजेपायी तुमचं नाव गेलं.

तुमच्या निलंग्याच्या शेडमधली ती सकाळ मला अजून दिसते. भूकंपानंतरचा हिवाळा. आमच्या गावात माणसं वाचली होती, भिंती तेवढ्या बसल्या होत्या. पलीकडच्या गावांचं तर विचारूच नये. मलबा वाहायला जिथं तिथं ट्रॅक्टर लागत होते. आमचा तेल प्यायला लागला होता म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो तुमच्याकडं टाकला. तुम्ही नवे स्लीव्ह, नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून इंजन बांधलंत, आणि किल्ली देताना मला हवेच्या फिल्टरपाशी नेलंत. खालची वाटी उघडून दाखवलीत आणि म्हणालात, ''इंजनाला हवा बी गाळून द्यावं लागतंय बेटा, चहावाणी. रोज सकाळी वाटी खोल, चिखल फेक, नवं तेल खुणेपर्यंत भर. वाटी कोरडी राहिली की इंजन माती खातंय. अन् माती खाल्लेलं इंजन कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई.'' मी हो हो म्हणत होतो. माझं लक्ष शर्टाला काही लागत तर नाही ना, याकडं होतं.

बारावीला मार्क कमी पडले म्हणून मी त्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार होतो. लातूरला क्लास लावला होता. तेव्हा गल्लोगल्ली नवे क्लास निघत होते, धर्माबादपासून पोरं येऊन खोल्या करून राहायची. मी रोज सकाळी सातच्या एसटीनं जायचो. ट्रॅक्टर दिवसभर सालगडी चालवायचा, पण वाटी भरायचं काम अण्णांनी माझ्याकडं दिलं होतं. ''त्याला नको सांगू, तू शिकलेला हायस, तू बघ,'' असं म्हणून. आठ-दहा दिवस मी ते इमानानं केलं. मग एकदा क्लासात शेजारच्या मुलानं माझी बोटं बघितली, नाक दाबलं आणि बाक बदलला. एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून मी वाटी काढायचो, दगडावर आपटून माती झटकायचो आणि तशीच कोरडी बसवायचो. तेलाला हात लावायचा नाही, नखं स्वच्छ. अण्णा ओट्यावरून विचारायचे, ''वाटी झाली का रे?'' मी म्हणायचो, झाली. ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. आणि काम कुठलं, तर पडक्या घरांची माती वाहायचं. ती शेतातल्या काळीसारखी जड नसते. दगड हलवला की पिठासारखी उडते आणि तासभर हवेतून खाली बसत नाही. दोन महिने इंजन ती माती खात होतं.

मग निळा धूर सुटला. ट्रॉली रिकामी असली तरी चढ चढेना. अण्णांनी ट्रॅक्टर ओढत तुमच्या दारात आणला, आणि बाजारचा दिवस, शेडमध्ये चार गावचे लोक बसलेले. अण्णांचा आवाज मुळात मोठा. ''जुनेच पिस्टन धुऊन बसवलास का रे मिस्त्री? लोकांची घरं पडली तरी तुमची हातचलाखी काई सुटत न्हाई!'' मी त्यांच्या मागं उभा होतो. तुमची रीत ठरलेली होती, मालकाचं बोलणं ऐकायच्या आधी फिल्टरपासून इंजनात जाणाऱ्या हवेच्या पाइपात बोट घालून बघायचं. तसं तुम्ही घातलंत. बोट बाहेर आलं ते मातीनं पांढरं. तुम्ही ते बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं आता संपलं. आणि तुम्ही ते बोट हळूच स्वतःच्या पायजम्याला पुसलंत आणि अण्णांना म्हणालात, ''ठेवून जावा. बघतो मी.'' अण्णांना ते बोट दिसलं नाही. मला दिसलं. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, उस्ताद. त्या दिवशी मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून भेळ खाल्ली होती.

तुम्ही दुसऱ्यांदा इंजन बांधून दिलंत. पण अण्णांच्या शब्दाला आमच्या भागात वजन होतं आणि ते बोलत राहिले, चहाच्या हॉटेलात, आडतीवर, लग्नाच्या मांडवात. निलंग्याचा मिस्त्री जुना माल घालतो. लोक ट्रॅक्टर उदगीरला न्यायला लागले. दोन वर्षांत तुमची शेड बंद झाली आणि तुम्ही धर्माबादला जावयाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसलात. इंजनाला कान लावून कुठली रिंग गेली ते सांगणारा माणूस! हे सगळं मला कळत होतं. मी तेव्हा पास झालो होतो, पुढं शिकत होतो, मग शिकवायला लागलो. लातूरहून धर्माबादला गाडी जाते, पण मी कधी त्या गाडीत बसलो नाही. तुम्ही गेल्याचं तिकडच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं, तेव्हा मी त्याला फक्त ''अरेरे'' म्हणालो आणि फळा पुसायला वळलो.

या खेपेला ट्रॅक्टर खोलला तेव्हा रेडिएटर कुजलेला होता, क्लच चिकटला होता, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. इंजनाचं हेड उघडलं, तर तुमचं काम आत जसंच्या तसं होतं. स्लीव्हवर बोट फिरवलं, झिजेची कड कुठं लागली नाही. अण्णा आता थकलेत, माझ्याकडंच असतात, अंगणात खुर्ची टाकून माझं काम बघत बसतात. काल इंजन दोनदा खोकलं आणि मग एका लयीत चालू झालं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, ''बघ, दम दिल्यावर कसं चोख काम केलं मिस्त्रीनं. पहिल्यांदाच असं केलं असतं तर?''

मी इंजन बंद केलं. म्हणालो, ''अण्णा, पहिल्यांदाही पिस्टन नवेच होते. मिस्त्रींची काही चूक नव्हती. फिल्टरची वाटी कोरडी राहिली होती.'' एवढं बोलायला मला अर्धं आयुष्य लागलं. अण्णांनी विचारलं, ''लई बोललो की रे मी त्याला. अन् वाटी कोण भरायचं तवा?''

त्यांना खरोखर आठवत नव्हतं. माझ्याकडं बघत होते, आणि मी म्हणालो, ''सालगडी असेल.''

''हाव,'' अण्णा म्हणाले, ''त्यो आळशीच व्हता.''

तो आळशी नव्हता, उस्ताद. तोही जाऊन सात वर्षं झाली, त्याची बायको आमच्याच गावात राहते, आणि अण्णांना आता भेटेल त्याला ही गोष्ट सांगायला नवीन विषय मिळालाय. आज क्लासला सुट्टी आहे, सकाळपासून त्यांचं दोघांना सांगून झालंय. ते अंगणात बसलेत, मी आतल्या खोलीत. मध्ये एक दार आहे, तेही उघडं आहे, आणि मी उठून बाहेर जायचं सोडून तुम्हाला लिहीत बसलोय.